चालता-चालता विचार, विचार करता-करता चालणे : निरोगी ज्येष्ठांसाठी एकत्रित व्यायाम

प्रश्न असा आहे : वय ६८ वर्षे, रक्तदाब औषधाने आटोक्यात, इतर कोणतीही मोठी तक्रार नाही. रोज सकाळी ४५ मिनिटे चालणे आणि दुपारी शब्दकोडे व सुडोकू सोडवणे असा अनेक वर्षांचा नेम आहे. शरीराचा आणि बुद्धीचा व्यायाम एकत्र केल्यास अधिक लाभ होतो असे वाचनात आल्यामुळे प्रश्नकर्त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत : दोन्ही वेगवेगळे करणे पुरेसे नाही का, एकत्र करायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि जागेवरची सायकल चालवताना कोडे सोडवले तर ते चालेल का.

गेली बावीस वर्षे मी भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून प्रामुख्याने साठी ओलांडलेल्या व्यक्तींबरोबर काम करते आहे. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात सांगते. तुमचा नेम चांगला आहे आणि त्यातले काहीही सोडू नका. परंतु रोजच्या वाटेवरचे चालणे आणि रोजच्या पद्धतीचे कोडे या दोन्ही गोष्टी आता तुमच्या अंगवळणी पडल्या आहेत, आणि जे अंगवळणी पडले त्यातून हृदयाला व मनाला समाधान मिळत असले तरी लक्ष विभागण्याची, ऐनवेळी बेत बदलण्याची आणि तोल सावरण्याची क्षमता फारशी ताणली जात नाही. वाढत्या वयात नेमक्या याच क्षमतांची एकमेकींशी सांगड घालावी लागते, आणि ती सांगड घालण्याचा सराव वेगवेगळ्या वेळी केलेल्या दोन व्यायामांतून होत नाही.

हे समजण्यासाठी चालण्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. तरुणपणी चालणे जवळजवळ आपोआप होते. वय वाढते तसे तळपायांची संवेदना बोथट होते, नजर मंदावते, आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा शिथिल होते आणि पायांचे स्नायू क्षीण होतात. मग जी माहिती पूर्वी न मागता मिळत होती ती मेंदूला लक्ष देऊन गोळा करावी लागते. म्हणजे वरवर पाहता चाल पूर्वीसारखीच दिसते, पण तिच्यासाठी खर्च होणारे लक्ष वाढलेले असते. हा खर्च उघडा पडतो तो दुसरे काम समोर आल्यावर. १९९७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी निवासी संस्थांमध्ये राहणाऱ्या ५८ ज्येष्ठांची अतिशय साधी पाहणी प्रसिद्ध केली. बरोबर चालताना त्यांच्याशी बोलणे सुरू केले, तेव्हा १२ जण उत्तर देण्यासाठी चालायचे थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कधी ना कधी पडले. ते लोक तुमच्यापेक्षा अधिक वयस्क आणि दुर्बल होते, त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण मला स्वतःला या निरीक्षणाने कामाची दिशा दिली. त्यानंतर मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला तपासणीच्या खोलीपर्यंत नेताना मुद्दाम काहीतरी विचारते आणि तिची पावले काय करतात ते पाहते.

शरीराच्या व्यायामाचा मेंदूवर थेट परिणाम होतो, ही गोष्ट आता चांगली प्रस्थापित झाली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील साल्क संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित अशा मेंदूच्या भागात, नव्या पेशी अधिक प्रमाणात तयार होतात. नव्या पेशी तयार होणे आणि त्या टिकणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धावण्यामुळे मुख्यतः त्यांची निर्मिती वाढते, तर नव्या वस्तू, नव्या वाटा, शिकण्याची संधी असलेल्या वातावरणामुळे त्या टिकण्याचे प्रमाण वाढते. आणि २००९ मधील एका प्रयोगात उंदरांना आधी धावणे व नंतर असे समृद्ध वातावरण दिले असता दोन्हींच्या परिणामांची बेरीज झालेली दिसली. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये, तरीही एकत्रित व्यायामामागचा विचार येथून आला आहे : शरीराची हालचाल जमीन नांगरते, आणि त्याच काळात मिळालेले बौद्धिक आव्हान त्या जमिनीत पेरणी करते. माणसांबाबत बोलायचे तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० निरोगी ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत चालण्याचा व्यायाम केला आणि उरलेल्यांनी अंग ताणण्याचे व हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले, तर दुसऱ्या गटात ते सुमारे १.४ टक्क्यांनी घटले. तुमच्या सकाळच्या ४५ मिनिटांचे मोल यावरून लक्षात यावे.

कोड्यांबद्दल मात्र मला थोडे कठोर बोलावे लागेल. अमेरिकेत ६५ ते ९४ वर्षे वयाच्या २,८३२ व्यक्तींवर केलेल्या आणि २००२ पासून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीन गटांना अनुक्रमे स्मरण, तर्क आणि आकलनाचा वेग यांचे प्रत्येकी दहा सत्रांचे प्रशिक्षण दिले गेले. ज्या गटाने ज्याचा सराव केला त्याची तीच क्षमता सुधारली. स्मरणाच्या सरावाने तर्क सुधारला नाही आणि तर्काच्या सरावाने वेग वाढला नाही. दहा वर्षांनंतरही तर्क आणि वेग यांतील लाभ काही अंशी टिकून होता, हे उत्साहवर्धक आहे. पण बुद्धीचा सराव जिथे केला तिथेच मुख्यतः फळतो, हा त्यातील धडा आपण विसरता कामा नये. सुडोकूने सुडोकू सुधारते. गर्दीच्या जिन्यावरून उतरताना मागून कोणी हाक मारली तर पाय कसा पडेल, याची तयारी खुर्चीत बसून होत नाही.

एकत्रित व्यायामाच्या उपलब्ध चाचण्या एकत्र ठेवून पाहिल्या, तर बौद्धिक क्षमतेसाठी एकाच वेळी केलेला दुहेरी व्यायाम हा केवळ शारीरिक व्यायामापेक्षा सरस ठरण्याकडे कल दिसतो, आणि एकापाठोपाठ एक केलेले व्यायामही उपयोगी ठरतात. परंतु याला अपवाद आहेत. सौम्य बौद्धिक घट असलेल्या व्यक्तींवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजने उचलण्याच्या व्यायामाने लाभ झाला, पण त्याला संगणकावरील बौद्धिक सरावाची जोड दिल्यावर त्या लाभात भर पडली नाही. माझा अर्थ असा की दोन व्यायाम नुसते शेजारी ठेवल्याने काही साधत नाही. ते एकमेकांत कसे गुंफले आहेत यावर बरेच अवलंबून असते.

याच ठिकाणी तुमच्या सायकलच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दोन कामे एकत्र आणण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत बौद्धिक काम हालचालीला बाहेरून चिकटवलेले असते : सायकल फिरवताना कोडे सोडवणे, चालताना १०० मधून तीन-तीन वजा करत जाणे. दुसऱ्या रीतीत बौद्धिक काम हालचालीच्या आतच असते : पावलांचा क्रम लक्षात ठेवून तो उलटा करणे, संगीताची लय बदलताच दिशा बदलणे, जोडीदाराच्या हालचालीचा अंदाज घेऊन आपले पाऊल ठरवणे. सायकलवरच्या कोड्यात पाय आपोआप फिरत राहतात, तोल राखण्याची गरज नसते आणि डोके आपल्या नेहमीच्या कामात असते. बहुतेक वेळा असे होते की कोडे अवघड झाले की पायांचा वेग मंदावतो, आणि पायांना दम लागला की कोडे बाजूला पडते. ते करण्यात धोका नाही, पावसामुळे बाहेर पडता आले नाही तर जरूर करावे. मात्र निवड करायची असेल तर मी दुसऱ्या रीतीला स्पष्टपणे झुकते माप देते, कारण तिथे विचार चुकला की पाऊल चुकते आणि पाऊल सुधारण्यासाठी विचारच सुधारावा लागतो.

या दुसऱ्या रीतीची उत्तम उदाहरणे जगभर आहेत. जपानमध्ये विकसित झालेल्या चौकोनी पावलांच्या व्यायामात १०० सेंटिमीटर रुंद आणि २५० सेंटिमीटर लांब चटईवर २५ सेंटिमीटरचे ४० चौकोन असतात. प्रशिक्षक पावलांचा एक नमुना चालून दाखवतो, आणि रेषेवर पाय न ठेवता तोच नमुना चटईच्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा चालून दाखवायचा असतो. सोप्या नमुन्यात पावले सरळ पुढे जातात. अवघड नमुन्यात ती तिरकी, बाजूला आणि मागेही जातात. जपानच्याच राष्ट्रीय वार्धक्य संशोधन केंद्राने ‘कॉग्निसाइज’ नावाची पद्धत रूढ केली आहे, तिचे वर्णन पुढे करते. जिनिव्हा येथे डालक्रोझ पद्धतीवर, म्हणजे पियानोच्या बदलत्या लयीप्रमाणे चालण्यावर आधारित वर्ग घेण्यात आले. ६५ वर्षांवरील, पडण्याचा धोका अधिक असलेल्या १३४ व्यक्तींच्या त्या अभ्यासात आठवड्यातून केवळ एक तास, असे सहा महिने सराव केलेल्या गटात पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले, आणि दुहेरी काम करतानाची त्यांची चाल अधिक स्थिर झाली. ताई ची हा संथ, क्रमबद्ध हालचालींचा व्यायामही याच जातीचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्मरणाबद्दल चिंता किंवा सौम्य बौद्धिक घट असलेल्या ३१८ ज्येष्ठांपैकी ज्यांना ताई चीच्या हालचालींतच बौद्धिक आव्हाने गुंफून दिली, त्यांची बौद्धिक सुधारणा नुसती ताई ची करणाऱ्यांपेक्षा अधिक होती. नृत्याचे तर मला विशेष प्रेम आहे, कारण त्यात क्रम, लय, दिशा आणि सोबत हे सारे एकत्र येते, आणि कोणालाही ते औषधासारखे वाटत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. कॉग्निसाइजमधील सर्वांत प्रसिद्ध प्रकार ऐकायला अगदी सोपा आहे. उजवे पाऊल बाजूला टाका, परत आणा, डावे पाऊल बाजूला टाका, परत आणा. प्रत्येक हालचालीला मोठ्याने एक आकडा मोजा, आणि तीनच्या पटीतील प्रत्येक आकड्याला टाळी वाजवा. गंमत अशी की पावलांचे आवर्तन चार मोजांचे आहे आणि टाळी तिसऱ्या मोजाला आहे, त्यामुळे टाळी दर वेळी वेगळ्या हालचालीवर पडते आणि बारा मोजांनंतरच दोन्ही पुन्हा जुळतात. टाळी चौथ्या मोजाला ठेवली असती तर दोन मिनिटांत ती हातांना पाठ झाली असती आणि डोके मोकळे झाले असते. या छोट्याशा विसंगतीतच सारा व्यायाम आहे. सुरुवातीला हे भिंतीजवळ किंवा जड टेबलाजवळ उभे राहून, अनवाणी नव्हे तर घट्ट बसणारी पादत्राणे घालून, संथपणे करावे. ते जमू लागले की तीनच्या पटीतील आकडा उच्चारायचा नाही, केवळ टाळी वाजवायची. पुढे पाचच्या पटीत पाऊल बाजूला न टाकता मागे टाकायचे. त्यानंतर आकड्यांऐवजी वर्णमालेतील एकेका अक्षराने सुरू होणारे शब्द घेता येतात, किंवा ५० पासून उलटे मोजता येते.

किती अवघड करावे, हा प्रश्न मला सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. सराव करताना स्वतःला विचारा : काय चुकते आहे? आकडा किंवा टाळी अधूनमधून चुकते पण पाय स्थिर आहेत, अशी स्थिती असेल तर काठिण्य नेमके आहे. मी साधारणपणे दहा आवर्तनांत दोन-तीन चुका होतील अशी पातळी ठेवते. काहीच चुकत नसेल तर व्यायाम जुना झाला, तो त्याच दिवशी बदला. पाय अडखळत असतील, शरीर डोलत असेल किंवा तुम्ही आकडा आठवताना जागच्या जागी थबकत असाल, तर बौद्धिक काम जड झाले आहे, ते ताबडतोब हलके करा. अनेक जण आयुष्यभर हुशार म्हणून वावरलेले असतात आणि चूक झाली की खजील होऊन व्यायामच सोडतात. त्यांना मी कळकळीने सांगते की येथे चूक ही मेंदूला काम मिळाल्याची खूण आहे, आणि सहज जमणाऱ्या व्यायामासाठी तुम्हाला माझी गरजच नाही.

आणखी एक बारकावा अनुभवाने उपयोगी ठरलेला आहे. दोन्ही कामांकडे सारखे लक्ष देण्याचा प्रयत्न सतत न करता एक मिनिट पावलांच्या नेमकेपणाकडे आणि पुढचे मिनिट मोजणीकडे असे लक्ष हेतुपूर्वक फिरवावे. तोल कमी झालेल्या ज्येष्ठांवरील लहान चाचण्यांतही अशा फिरत्या प्राधान्याने केलेल्या सरावाचा लाभ स्थिर प्राधान्यापेक्षा सरस दिसला आहे. दैनंदिन जीवनात हीच गोष्ट लागते : ओल्या फरशीवर पावलांना प्राधान्य द्यायचे आणि सपाट, कोरड्या वाटेवर बोलण्याला.

एकूण प्रमाणाबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना पुरेशा स्पष्ट आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूबळाचे व्यायाम, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी किमान तीन दिवस तोल व ताकद यांवर भर देणारे विविधांगी व्यायाम. तुमचे चालणे पहिली अट पूर्ण करते, दुसरी आणि तिसरी नाही. म्हणून तुमच्या बाबतीत मी असे सुचवीन की आठवड्यातील तीन दिवस चालण्यातील १५ ते २० मिनिटे कमी करून ती घरातील गुंफलेल्या व्यायामाला द्यावीत, आणि दोन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, टाचा उचलणे, पायरी चढणे-उतरणे असे ताकदीचे व्यायाम करावेत. पायांत ताकद नसताना दुहेरी काम देणे मला मान्य नाही. खुर्चीतून सलग दहा वेळा हात न टेकता उठता येत नसेल, तर आधी सहा-आठ आठवडे ताकदीवरच घालवावेत. उरलेल्या चालण्यात दम लागण्याचे प्रमाण असे असावे की बोलता यावे पण गाता येऊ नये. कोड्यांचा वेळही तसाच ठेवा, केवळ दर महिन्याला प्रकार बदला, किंवा त्यातला काही वेळ नवीन वाद्य अथवा भाषा शिकण्यास द्या.

काही ठिकाणी मात्र दोन कामे कधीही एकत्र करू नयेत. वाहनांचा रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, अंधारात, ओल्या किंवा उंचसखल जमिनीवर मोजणी, फोन, कोडे यांपैकी काहीही नको. हा सराव आधार हाताशी असलेल्या सुरक्षित जागीच करायचा असतो. जमिनीवर चौकोन आखायचे असतील तर खडू वापरा, कारण चिकटपट्टीची सुटलेली कड पायात येते. रक्तदाबाची औषधे चालू असल्याने आडवे किंवा बसलेले असताना एकदम उठून व्यायाम सुरू करू नका, आणि उभे राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी येत असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. छातीत दुखणे, अचानक चक्कर, नव्याने सुरू झालेला अडखळणारा उच्चार किंवा एका बाजूची कमजोरी जाणवली तर व्यायाम थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. गेल्या वर्षभरात पडण्याचा प्रसंग आला असेल, तर सुरुवात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावी. श्रवण आणि दृष्टी यांची तपासणीही करून घ्या. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीचे बरेच लक्ष शब्द ओळखण्यातच खर्च होते, आणि मग पावलांसाठी ते उरत नाही.

या सगळ्यातून स्मृतिभ्रंश टळेल असे आश्वासन मी देणार नाही, कारण ते कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षे वयाच्या, धोका काहीसा अधिक असलेल्या १,२६० व्यक्तींपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख असे सारे एकत्र देण्यात आले, तेव्हा नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा त्यांची बौद्धिक कामगिरी अधिक सुधारली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत चार गोष्टी एकत्र होत्या, त्यामुळे श्रेय कोणा एकीला देता येत नाही. तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच की रक्तदाबाचे औषध वेळेवर घेणे हादेखील या कार्यक्रमाचाच भाग आहे.

प्रगती मोजण्यासाठी सुरुवातीलाच एक नोंद करून ठेवा. खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, याला किती सेकंद लागतात ते घरातील कोणाला तरी घड्याळ लावून पाहायला सांगा; मग थोडी विश्रांती घेऊन तेच १०० मधून तीन-तीन मोठ्याने वजा करत पुन्हा करा. दुसऱ्या वेळी लागलेले जादा सेकंद म्हणजे दुहेरी कामासाठी तुमची चाल मोजत असलेली किंमत. बारा आठवड्यांनी हीच चाचणी वेगळ्या आकड्यापासून सुरू करून पुन्हा घ्या, म्हणजे पाठ झालेल्या उत्तरांचा फायदा मिळणार नाही. फरक कमी झाला असेल तर व्यायामाची पुढची पातळी घ्या. तो तसाच असेल तर सराव किती वेळा झाला आणि चुका होत होत्या का, हे आधी तपासा. आणि तो स्पष्टपणे वाढला असेल तर वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांना दोन्ही नोंदी दाखवा.